ऑयगेन श्मालेनबाख: खात्यांना आकडे देणारे कोलोनचे प्राध्यापक

राईनकाठी (धागाकर्ती)

कोलोनजवळच्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात मी हिशेबाचं काम करते. सकाळचं पहिलं काम म्हणजे ग्राहकांकडून आलेली बिलं योग्य खात्यावर टाकणं. दुकानाचं भाडं ४२१०. कागद-पेनं-प्रिंटरची शाई ४९३०. बँक १२००. विक्री ८४००. नाशिकला असताना खात्याला नाव असायचं, इथे आधी आकडा असतो. पहिल्या वर्षी हे आकडे मी पाढ्यांसारखे पाठ केले, कारण पाठ करण्यापलीकडे त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मग निवृत्तीला आलेल्या एका सहकारी बाईंनी एका दुपारी कागदावर शून्य ते नऊ आकडे लिहून दाखवले. ० म्हणजे जमीन, इमारत, यंत्रं आणि भांडवल. १ म्हणजे पैसा. ३ म्हणजे दारातून आत आलेला माल. ४ म्हणजे त्या मालावर झालेला खर्च. ७ म्हणजे तयार होऊन गोदामात पडलेला माल. ८ म्हणजे विक्री. त्यांनी बोट शून्यापासून आठपर्यंत नेलं आणि विचारलं, काय दिसतंय? कारखाना दिसत होता! माल ज्या वाटेनं आत येतो आणि ज्या वाटेनं बाहेर पडतो, त्याच वाटेनं आकडे चालले होते. त्या दिवसापासून ४२१० टाकताना मला खतावणीचं पान दिसत नाही, गाळा दिसतो.

ही मांडणी ज्यांच्या कल्पनेतून आली ते ऑयगेन श्मालेनबाख. मराठीत त्यांच्यावर मला काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा.

जन्म २० ऑगस्ट १८७३, वेस्टफालियातल्या हाल्व्हरजवळ. हा सगळा डोंगराळ भाग लहानसहान लोखंडी वस्तू बनवणाऱ्यांचा. वडिलांचाही छोटा कारखाना होता. शाळेनंतर विद्यापीठात न जाता मुलगा कारखान्यातच शिकला, तिथेच राबला. १८९८ मध्ये लाइपझिगला जर्मनीतली पहिली व्यापार-उच्चशाळा उघडली. तोवर व्यापार ही विद्यापीठात शिकवायची गोष्ट आहे असं तिथे कोणी मानत नव्हतं. श्मालेनबाख तिच्या पहिल्याच विद्यार्थ्यांपैकी, वय २४.

आणि दुसऱ्याच वर्षी, १८९९ मध्ये, या विद्यार्थ्यानं धातुउद्योगाच्या एका व्यवसायपत्रात कारखान्याच्या हिशेबावर लेख लिहिला. म्हणणं साधं होतं. काही खर्च माल वाढला की वाढतात, काही खर्च माल बनो न बनो चालूच राहतात. दोन्ही एका टोपलीत घालून नगावर वाटले, तर मालकाला चुकीचा भाव कळतो. आज अकरावीच्या वाणिज्यच्या मुलालाही हे ठाऊक असतं. पण लेखाचं टिपण ज्या दिवशी प्रथम वाचलं, तेव्हा मला लेखक दिसला तो वडिलांच्या कारखान्यात थंड पडलेल्या भट्टीशेजारी उभा असलेला मुलगा. भाडं चालू, व्याज चालू, काम बंद.

पुढे लाइपझिगलाच अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर यांचे सहायक. १९०३ मध्ये कोलोनच्या व्यापार-उच्चशाळेत अध्यापनाचा अधिकार मिळाला, १९०६ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी स्वतःचं संशोधनपत्र काढलं. ते आजही निघतं, थोड्या वेगळ्या नावानं. कोलोनची ही शाळा गुस्टाफ फॉन मेव्हिसन या उद्योगपतीच्या देणगीतून १९०१ मध्ये सुरू झाली होती. १९१९ मध्ये महापौर आडेनाउअर यांच्या काळात तिच्यातूनच कोलोन विद्यापीठ पुन्हा उभं राहिलं. जुनं विद्यापीठ फ्रेंचांनी १७९८ मध्ये बंद केलं होतं.

त्या काळी विद्यापीठातले अर्थशास्त्री या नव्या विषयाला नफा कमावण्याची विद्या म्हणून हिणवत. श्मालेनबाखांचं उत्तर मला फार आवडतं. त्यांच्या लेखी कारखानदाराच्या खिशात किती पडलं हा या विषयाचा मूळ प्रश्नच नव्हता. माल, श्रम आणि यंत्र वाया न घालवता काम कसं करावं, हा प्रश्न. १९११-१२ च्या सुमारास त्यांनी ठामपणे लिहिलं की ही करण्याची विद्या आहे: रीत सांगा, कारखान्यात लावून पाहा, चुकली तर टाकून द्या.

मोठी पुस्तकं पुढची. १९१९ मध्ये ताळेबंदावर, १९२७ मध्ये खात्यांच्या आराखड्यावर. ती शून्य ते नऊची मांडणी या दुसऱ्या पुस्तकातली. १९३३ नंतरचं उद्या लिहिते, ते घाईत लिहायचं नाहीये.

भोसरीकर

ताई, वाचता वाचता अंगावर काटा आला, कारण तुमची ती थंड भट्टी माझ्या गाळ्यात होती.

२०१९ मध्ये मंदी होती. गाळाभाडं, मशीनचा हप्ता, दोन ऑपरेटरांचे पगार मिळून महिन्याला ३,००,००० काही केल्या जायचेच. नगाला लोखंड, टूल, वीज धरून ६० रुपये. महिन्याला १०,००० नगांची ताकद, हातात ऑर्डर ५,००० ची, भाव ११०. म्हणजे नगाला खर्च १२० आणि विक्री ११०. महिन्याला ५०,००० तोटा.

अशात एका गिऱ्हाईकानं ३,००० नग ८५ रुपयांनी मागितले. मी ज्यांचा सल्ला घ्यायचो त्यांनी सरळ सांगितलं, १२० चा नग ८५ ला देताय, वेड लागलंय का? मी नाही म्हणालो. रात्री झोप येईना. पहाटे उठून वहीच्या मागच्या पानावर मांडलं. ८५ मधून ६० गेले, नगाला २५ उरले. गुणिले ३,०००, म्हणजे ७५,०००. तोटा भरून वर २५,००० राहिले असते! सकाळी फोन केला तर ऑर्डर दुसऱ्याकडे गेली होती.

हे मी त्या रात्री शिकलो असं समजत होतो. एका विद्यार्थ्यानं ते १८९९ मध्येच लिहून ठेवलंय हे आज कळलं.

आशाढ_सरी

वाचतेय. पुढचा भाग लवकर येऊ दे.

जुना_कॉस्टवाला

भोसरीकर, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि तुमची हळहळही समजते. पण ३४ वर्षं कॉस्टिंगमध्ये काढलेला माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. शेजारच्या गाळ्यातल्यानंही त्या पहाटे हेच गणित मांडलेलं असतं. त्याच्या शेजारच्यानंही. प्रत्येक जण म्हणतो की ६० च्या वर जे मिळेल ते मिळवू. मग भाव ८५ वर थांबत नाही, ७५ होतो, ६८ होतो. तीन लाख कुणाचेच निघत नाहीत. ऑटोच्या मंदीत अशी चांगली चांगली माणसं बुडताना मी पाहिली आहेत.

राईनकाठी, श्मालेनबाखांनी याचा विचार केला होता का? नुसतं फिक्स्ड-व्हेरिएबल, म्हणजे स्थिर आणि बदलता खर्च, शिकवून थांबले असतील, तर काम अर्धंच झालं म्हणावं लागेल.

राईनकाठी

काका, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. १९२८ मध्ये व्हिएन्नाला त्यांनी विषयाच्या प्राध्यापकांपुढे एक भाषण केलं. ते भाषण म्हणजे तुमचाच प्रश्न.

त्याच सुमारास रूरच्या कोळसा खाणींची सरकारी चौकशी त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली होती, त्यामुळे हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. यंत्रं मोठी होत चालली, तसा खर्चातला स्थिर वाटा वाढत चालला. पूर्वी मागणी घटली की मालक उत्पादन कमी करायचा आणि खर्चही खाली यायचा. आता उत्पादन कमी केलं तरी खर्च खाली येत नाही. म्हणून भाव पडले तरी कारखाना चालूच राहतो, उलट नग वाढवून तोटा भरून काढू पाहतो. सगळेच तसं करतात. भाव कोसळतात. मग सगळे एकत्र बसून भाव ठरवतात, म्हणजे कार्टेल. आणि एकदा भाव बैठकीत ठरू लागले की मोकळी बाजारपेठ संपली, बांधलेली अर्थव्यवस्था आली.

या भाषणानं तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्राध्यापक महाशयांना सरकारी अर्थव्यवस्था हवी आहे, असा अर्थ अनेकांनी काढला. मला तसं वाटत नाही. त्यांना ते नको होतं, पण येताना दिसत होतं, आणि दिसत असताना गप्प बसणं त्यांना जमलं नाही. ७६ व्या वर्षी, १९४९ मध्ये, त्यांनी जे पुस्तक काढलं त्याचं नावच मुळी ‘मोकळ्या अर्थव्यवस्थेच्या स्मरणार्थ’ अशा अर्थाचं आहे. नको असलेल्या गोष्टीचं स्मारक कोणी लिहीत नाही.

भोसरीकर

काका, राग कसला. तुम्ही म्हणता ते पुढच्याच वर्षी डोळ्यांनी पाहिलं. ती ऑर्डर ज्यानं घेतली त्याचा गाळा आज दुसऱ्याकडे आहे. माझं मन तेव्हापासून दोन्हीकडे ओढलं जातंय. ऑर्डर घ्यायला हवी होती का, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

हिंजवडी_फेज_३

मी सॅपमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या कारभाराच्या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये, फायको करतो: एफआय म्हणजे आर्थिक हिशेब आणि सीओ म्हणजे खर्चाचा हिशेब. अकरा वर्षं. पुण्यात माझ्यासारखे हजारोंनी आहेत, म्हणून हा धागा त्यांच्यासाठीही.

सॅप उघडलं की तयार चार्ट ऑफ अकाउंट्सच्या, म्हणजे खात्यांच्या आराखड्यांच्या, यादीत ‘जीकेआर’ आणि ‘आयकेआर’ दिसतात. भारतातल्या प्रोजेक्टवर आपण ते बाजूला सारून पुढे जातो. हे काय आहे, असं प्रशिक्षणात विचारलं तर जर्मन टेम्प्लेट आहे, सोडून द्या, असं उत्तर मिळालं होतं. आता कळतंय. जीकेआर हा युद्धानंतर जर्मन उद्योगांनी ठरवलेला सामाईक आराखडा, थेट श्मालेनबाखांच्या मांडणीवरचा. आयकेआर १९७१ चा. त्यात मांडणी ताळेबंदाच्या क्रमानं लावली आणि खर्चाचा हिशेब वेगळ्या वर्तुळात काढला.

जीकेआरमध्ये आर्थिक हिशेब आणि कारखान्याचा हिशेब एकाच वर्तुळात आहेत. आयकेआरमध्ये दोन. आता सॅपच्या नव्या एस-फोर हाना आवृत्तीत काय झालं ते आठवा: एफआय आणि सीओ पुन्हा एका टेबलात आले, कॉस्ट एलिमेंट (खर्चाचा प्रकार) हे जीएल अकाउंटच (खतावणीतलं खातंच) झालं. जुन्यावरून नव्या आवृत्तीवर जायच्या रात्री, कटओव्हरला, बसलो असताना आम्ही हे काहीतरी नवीनच समजत होतो. वाद जुना आहे, शंभर वर्षांचा.

सीओमधलं कॉस्ट सेंटर (खर्चाचा विभाग), अ‍ॅक्टिव्हिटी टाइप (कामाचा प्रकार) आणि प्लॅन-अ‍ॅक्चुअल (ठरवलेला आणि झालेला खर्च) हे मात्र सगळंच श्मालेनबाखांचं नाही. त्यामागे हान्स-गेऑर्ग प्लाउट आणि प्राध्यापक वोल्फगांग किल्गर यांचं काम आहे. पण पहिली फोड, म्हणजे स्थिर खर्च वेगळा आणि बदलता वेगळा, ती तीच.

राईनकाठी

हे मला माहीत नव्हतं! माझ्या कार्यालयात वेगळं सॉफ्टवेअर आहे, पण तिथेही दोन आराखडे आहेत. मी ०३ वापरते, ज्यात माल वाटेनं चालतो. शेजारच्या टेबलावर ०४ आहे, ताळेबंदाच्या क्रमाचा. तिथे बँक १८०० आणि विक्री ४४००. टेबल बदललं की पहिले दोन दिवस बोटं चुकतात.

चौथा_मजला

थोडा विरोधी सूर लावतो. खात्यांचे आकडे ठीक, पण ताळेबंदाबद्दल श्मालेनबाखांचं म्हणणं मला पटलेलं नाही. ताळेबंद म्हणजे आज आपल्याकडे काय आहे आणि देणं काय आहे. माझे आजोबा लक्ष्मीपूजनाला वही उघडायचे ती हेच बघायला. श्मालेनबाख म्हणतात ताळेबंदातून संपत्ती कळतच नाही, तो फक्त नफा मोजायला आहे. मग बँकेनं कशावर कर्ज द्यायचं?

शिवाय १९२३. जर्मनीत नोव्हेंबरमध्ये १ डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. अशा वेळी जुन्या खरेदीच्या किमतीवर नफा मोजला की कागदावर नफा आणि गोदाम रिकामं. फ्रँकफुर्टच्या फ्रित्स श्मिट यांनी १९२१ मध्येच सांगितलं होतं की माल विकल्याच्या दिवशी तोच माल परत घ्यायला काय पडेल ते धरा. माझ्या मते त्या वादात श्मिट बरोबर होते.

राईनकाठी

महागाईच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. श्मिट यांचा विचार त्या वर्षांत खरा ठरला. श्मालेनबाखांनीही डोळे मिटले नव्हते. १९२२ मध्ये त्यांनी सोन्याच्या मार्कात ताळेबंद कसा मांडावा यावर पुस्तक काढलं, ते याच पेचातून. पण मूळ उपाय श्मिट यांचा जास्त खोल आहे, हे मान्य.

ताळेबंदाबद्दल मात्र थोडं थांबा. एक बिल घेऊ. माझ्या एका ग्राहकाची बेकरी आहे. त्यानं ऑक्टोबरमध्ये वर्षभराचा विमा भरला, १,२०० युरो. ३१ डिसेंबरला मी त्यातले ३०० खर्चात टाकते. उरलेले ९०० ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जातात. आता सांगा, हे ९०० युरो कुठे आहेत? ना तिजोरीत, ना गोदामात. विकायला गेलात तर कोणी घेणार नाही. तरी ते मालमत्तेच्या बाजूला का? श्मालेनबाख सांगतात: कारण पैसे गेले, पण खर्च अजून पडलेला नाही. ताळेबंद हा अशा अधांतरी गोष्टींचा साठा आहे. पैसे गेले पण खर्च नाही, माल बनला पण पैसे आले नाहीत, पैसे आले पण काम बाकी. त्यांच्या दृष्टीनं बेकरीतली भट्टीसुद्धा तशीच. ती म्हणजे पुढच्या दहा वर्षांत थोडा थोडा पडणारा खर्च, त्यालाच आपण घसारा म्हणतो.

हे कळेपर्यंत मी डिसेंबरच्या नोंदी नियम म्हणून करत होते. आता करताना पटतं.

तुमच्या आजोबांची वही चूक होती असं मी म्हणत नाही. ते धनको-ऋणको बघत होते. श्मालेनबाखांना हे वर्ष मागच्या वर्षाशी ताडून बघायचं होतं. धंदा वर चाललाय की खाली, हे एका पानावर दिसत नाही, दोन पानं शेजारी ठेवली की दिसतं.

चौथा_मजला

विम्याचं उदाहरण पटलं. भट्टीचं अजून नाही. विचार करून लिहितो.

म्युन्स्टरचा_पोऱ्या

मी इथे म्युन्स्टरला बेवेएलमध्ये, म्हणजे श्मालेनबाखांच्या याच व्यवसाय-अर्थशास्त्राच्या विषयात, एमएस्सी करतोय. वर्गात खरं सांगायचं तर श्मालेनबाख फार येत नाहीत, एरिक गुटेनबर्ग येतात. त्यांच्याबद्दल चार ओळी.

जन्म १८९७, हेर्फोर्ड, म्हणजे तेही वेस्टफालियाचेच. आणि घरचा कारखानाही होता, शेतीच्या यंत्रांचा. म्युन्स्टरलाच त्यांनी आपला पात्रता-प्रबंध, म्हणजे विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळवण्यासाठीचा प्रबंध, लिहिला, तो १९२९ मध्ये छापून आला. त्यानंतर अनेक वर्षं हिशेबतपासनीस म्हणून बाहेर काम केलं. युद्धानंतर फ्रँकफुर्ट आणि १९५१ मध्ये कोलोन. त्याच वर्षी त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा उत्पादनावरचा पहिला खंड आला. विक्रीवरचा १९५५ मध्ये आणि पैशावरचा थेट १९६९ मध्ये.

श्मालेनबाख म्हणत होते करण्याची विद्या. गुटेनबर्ग यांनी ती सिद्धांताची विद्या केली: काम, यंत्र, कच्चा माल हे घटक, त्यांना जुळवणारं व्यवस्थापन हा चौथा, आणि सगळं गणितात. यंत्राचा वेग बदलला की नगामागचा खर्च कसा वळतो हे त्यांनी आकृतीत बसवलं. बर्लिनचे कोनराड मेलेरोविच यांनी यावर कडाडून टीका केली की गणितात शिरून कारखान्यापासून दूर चाललात. पुढची पिढी तरी गुटेनबर्ग यांच्याच वाटेनं गेली. त्यांचे शिष्य होर्स्ट आल्बाख बॉनला, आणि आल्बाख यांचे शिष्य हेर्मान सिमोन, ज्यांनी लहान गावांतल्या, नाव नसलेल्या पण जगात पहिल्या असलेल्या जर्मन कंपन्यांवर लिहिलं.

हा धागा वाचून वाटलं की आम्हाला आकृत्या आधी शिकवतात आणि भोसरीकरांचा गाळा कधीच दाखवत नाहीत. क्रम उलटा हवा होता.

जुनी_वही

राईनकाठी, तुम्ही १९३३ नंतरचं लिहिणार होतात. वाट पाहतेय.

राईनकाठी

हो. लिहिते.

श्मालेनबाखांच्या पत्नी मारियाने ज्यू होत्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याच वर्षी श्मालेनबाखांनी अध्यापन सोडलं. वय ६०. विषयातलं सर्वांत मोठं नाव, स्वतःचं संशोधनपत्र, देशभर पसरलेले शिष्य. सगळं मागे ठेवून ते घरी बसले, डोळ्यांवर येऊ नये म्हणून. ज्यू बायको असलेल्या पुरुषांवर तिला सोडण्याचा दबाव असायचा. सोडलं की नोकरी आणि मान टिकण्याची शक्यता असायची. त्यांनी सोडलं नाही.

आणि १९३७ मध्ये, ११ नोव्हेंबरला, त्याच सरकारनं हुकूम काढला की देशातल्या उद्योगांनी खात्यांचा ठरवून दिलेला आराखडा वापरावा. शून्य ते नऊ. ज्या माणसाची मांडणी सगळ्या जर्मनीच्या वह्यांवर सक्तीनं चढली, तो माणूस तेव्हा स्वतःच्या शहरात दार लावून बसला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा समोरच्या पडद्यावरची ४२१० ची नोंद तशीच अर्धी राहिली.

१९४४ मध्ये मिश्र विवाहातल्या ज्यूंनाही उचलायला सुरुवात झाली, तेव्हा दोघं लपली. त्यांना आसरा दिला तो त्यांच्याच एका जुन्या सहायकानं, बाड गोडेसबर्गमध्ये, आपल्या घरात. पकडलं गेलं असतं तर त्या घराचं काय झालं असतं ते सांगायला नको. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येईपर्यंत ती दोघं तिथे राहिली आणि वाचली.

युद्धानंतर ते पुन्हा लिहायला बसले. १९४७-४८ मध्ये दोन खंड आले. मोठ्या कारखान्यात प्रत्येक विभागाला वरून हुकूम देण्याऐवजी आतल्या किमती लावून कसं चालवता येईल, असा त्यांचा विषय. हा तोच प्रश्न, ज्यावर त्यांनी कोलोनला पात्रतेसाठी तरुणपणी लिहिलं होतं. मधल्या बारा वर्षांत त्यांच्यावर फक्त हुकूमच चालले होते, म्हणून ते खंड मला निव्वळ हिशेबाचे वाटत नाहीत. २० फेब्रुवारी १९५५ ला कोलोनमध्येच ते गेले.

जुनी_वही

त्या सहायकाच्या घराचा विचार सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. शिक्षकासाठी.

जुना_कॉस्टवाला

राईनकाठी, माझा ‘काम अर्धं झालं’ हा शेरा मागे घेतो. ताळेबंदावरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९५९ मध्ये लंडनला निघालं होतं असं शोधताना दिसलं. आपला कॉस्ट अकाउंटंटचा कायदाही १९५९ चाच. आमच्या अभ्यासक्रमात सगळी पुस्तकं इंग्लंडची होती, पण हे नाव त्यात कुठेच नव्हतं. जुन्या ग्रंथालयात प्रत मिळते का बघतो.

भोसरीकर

ताई, मार्चमध्ये प्रदर्शनासाठी हानोव्हरला येतोय, एक दिवस कोलोनला काढतो. त्यांची जुनी शाळा बघता येते का?

राईनकाठी

येते. क्लाउडियुसस्ट्रासे १, रोमर पार्कला लागून, १९०७ ची इमारत. आता तिथे तांत्रिक उच्चशाळेचे वर्ग भरतात. उबियररिंगला ट्राममधून उतरलात की चालत पाच-सात मिनिटं. शनिवार सोडून या, मुलांचे वर्ग चालू असताना आत जास्त बरं वाटतं. मी दुपारची सुट्टी टाकते. आणि तुमच्या त्या वहीचं मागचं पान असेल तर बरोबर घेऊन या, माझ्या त्या सहकारी बाईंना दाखवायचंय.